मोठा कुत्रा दत्तक घेतलाय? सुरुवातीला या चुका टाळा

बडोद्यात दत्तक मिळणारा मोठा कुत्रा पुष्कळदा कुणाच्या तरी घरातच वाढलेला असतो. मालक कॅनडाला निघाले, घरातलं कुणी आजारी पडलं, नाहीतर पिल्लू म्हणून आणलेला लॅब्रॅडॉर वर्षभरात तीस किलोंचा झाला आणि फ्लॅट लहान वाटायला लागला. म्हणजे तुमच्याकडे येतो तो सवयी, आवडीनिवडी आणि भीती सगळं बरोबर घेऊनच. पिल्लाने चावा घेतला तर आपण हसतो. तीस किलोंच्या कुत्र्याने नुसती उडी मारली तरी आजी पडू शकते. बहुतेक घरांत पुढे जे बिनसतं ते घाईमुळे. कुत्र्याला वाईट वागायचं असतं असं फार क्वचित असतं.

पहिल्याच रविवारी सगळ्यांना बोलावणं

बारशाला बोलवावं तसे काका-काकू, मावशी, सोसायटीतली मुलं, सगळे कुत्रा बघायला येतात. तो बिचारा कोपऱ्यात बसून सगळ्यांचे हात सहन करतो आणि पाहुणे म्हणतात, "किती शांत आहे हो!" जवळून बघा. तोंड घट्ट मिटलेलं, जीभ सारखी नाकावरून फिरतेय, झोप नसताना जांभया, मान एकीकडे वळवलेली आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय. याला शांत म्हणत नाहीत. तो भीतीने थिजलाय.

कुत्रे सांभाळणारे लोक एक ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस बावरलेला, तीन आठवड्यांत घराची रीत कळलेला, तीन महिन्यांत रुळलेला. प्रत्येक कुत्र्याला हे लागू पडेल असं नाही, पण यामुळे एका नेहमीच्या तक्रारीचं उत्तर मिळतं. "आधी इतका चांगला होता, आता भुंकायला लागला, वस्तू पळवायला लागला." बिघडला नाही तो, आता कुठे मोकळा झाला. खरं शिकवणं इथून सुरू होतं.

पहिले काही दिवस पाहुणे नकोत. हॉलमध्येच पण रहदारीच्या वाटेवर नसलेला, भिंतीलगतचा एक कोपरा त्याचा ठरवा. तो तिथे असताना कुणी हात लावायचा नाही, मुलांनी तर नाहीच. गळ्यात पडून मिठी मारणं माणसांना आवडतं, अनोळखी कुत्र्याला ते कोंडीत पकडल्यासारखं वाटतं. गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंज्या टाका. मोठ्या जातींमध्ये खुब्याच्या सांध्याचा त्रास बराच दिसतो आणि घसरणाऱ्या फरशीवर तो वाढतो.

गुरगुरला म्हणून फटका देणं

माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. गुरगुरणं म्हणजे "मला हे नकोय, लांब हो" असं सांगणं. त्याबद्दल मारलं की कुत्रा गुरगुरणं सोडतो, पण ज्या कारणाने गुरगुरला ते कारण तसंच राहतं. मग पुढच्या वेळी तो न सांगता चावतो आणि घरचे म्हणतात, "काही कारण नसताना चावला."

गुरगुरण्याच्याही आधी खुणा असतात. ताटलीत तोंड घालून तो पटपट खातो आहे. नातू जवळ येतो. खाणं मधेच थांबतं, अंग ताठ होतं, डोकं ताटलीवरच राहतं आणि फक्त डोळे मुलाकडे वळतात. हा क्षण ओळखता आला तर पुढचं बरंच टळतं. अशा वेळी ताटली हिसकावून "माझ्यासमोर गुरगुरतोस?" करू नका. मुलाला लगेच बाजूला घ्या. दुसऱ्या दिवसापासून कुत्र्याला वेगळ्या खोलीत, दार लोटून जेवू द्या. त्याने चप्पल किंवा हाड पकडलं असेल तर ओढाओढी न करता चिकनचा तुकडा लांब टाका. तो तिकडे गेला की वस्तू उचला. हळूहळू त्याला कळतं की माणूस जवळ आला की काहीतरी चांगलं मिळतं.

याच सुमारास सल्ले देणारेही येतात. "त्याला दाखवून द्या घरात मालक कोण ते." उताणं पाडून मान दाबणं, काटेरी पट्टा, काठी घेऊन येणारा ट्रेनर. यातलं काहीही करू नका. घाबरलेल्या मोठ्या कुत्र्याला कोंडीत धरलं तर तो चावणारच.

दात लागून रक्त आलं तर कुत्र्याला लस दिलेली असो वा नसो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

आज्ञा चार भाषांत

आई म्हणते "बस", बाबा "सिट", कामाला येणाऱ्या बेन "बेस" आणि वॉचमन "बैठ". बडोद्याच्या घरात हे व्हायचंच! कुत्रा कुठलीही भाषा शिकेल, फक्त एका वेळी एक. शब्द ठरवा, कागदावर लिहा, फ्रिजवर चिकटवा. त्याच कागदावर सकाळी कोण फिरवणार आणि जेवण कोण देणार हेही लिहा. नाहीतर लाड सगळे करतात आणि शी कुणीच उचलत नाही.

खाणं

आधीच्या घरी काय खात होता ते विचारून घ्या आणि पहिले काही दिवस तेच द्या. नवं खाणं आठवडा-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत वाढवा. पहिल्या आठवड्यातले जुलाब बरेचदा अचानक बदललेल्या खाण्यामुळे किंवा धसक्यामुळे होतात. कांदा-लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि शुगरफ्री च्युइंगम त्याच्यासाठी विषारी आहेत. म्हणजे सेव-उसळीची तर्री नाही, शिरा नाही, लीलो चिवडोही नाही. शिजवलेली हाडं नकोत, त्यांचे कपचे निघतात. आपल्या डब्यातली तापाची किंवा दुखण्याची गोळी तर कधीच नाही. कुत्रा अजून वाढीच्या वयात असेल तर "हाडं मजबूत होतील" म्हणून कॅल्शियमचं सिरप मनाने सुरू करू नका. मोठ्या जातीच्या पिल्लांत जास्तीच्या कॅल्शियममुळे हाडांची वाढ बिघडते.

बडोद्याचं हवामान न बघता फिरवणं

मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि डांबर संध्याकाळी सातलाही तापलेलं असतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. फिरणं पहाटे आणि रात्री. कोरड्या उन्हाळ्यात कूलर चालतो, पण जूनमध्ये दमट हवा सुरू झाली की त्याचा उपयोग नसतो, तेव्हा पंखा आणि थंड फरशीच बरी. जर्मन शेफर्डसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याला उन्हाळ्यात सफाचट भादरू नका. नुसता विंचरून आतले सुटलेले केस काढा.

न थांबणारी धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या आणि लटपटते पाय म्हणजे उष्माघात. अंगावर नळाचं साधं पाणी ओता, वारा घाला आणि तसंच दवाखान्यात न्या. घरी बरं वाटण्याची वाट पाहू नका.

पावसाळ्यात विश्वामित्रीच्या काठाने आणि नाल्यालगत फिरवणं बंद. नदीत मगरी आहेत, हे बडोदेकरांना सांगायला नको. पूर आला की त्या सोसायट्यांपर्यंत येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये आपण ते पाहिलं. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसही पसरतो. त्याच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. गोचिड्यांसाठी कान, बोटांमधल्या बेचक्या आणि पट्ट्याखालची जागा रोज चाचपा. खाणं सुटलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर रक्ततपासणी लवकर करून घ्या.

उत्तरायणाला कुत्र्याला गच्चीवर नेण्याची हौस अनेकांना असते. पतंगाकडे बघत मागे सरकणाऱ्या कुत्र्याला कठडा दिसत नाही, आणि त्यात लाउडस्पीकर. १४ आणि १५ जानेवारीला त्याला खालच्या खोलीत, पडदे ओढून, पंखा लावून ठेवा. पुढचे काही दिवस रस्त्यावर पडलेल्या मांजापासून त्याचे पाय जपा.

"आता ओळखतो आपल्याला" म्हणून पट्टा सोडणं

घर अजून त्याचं झालेलं नसतं. दचकला की तो धावत सुटतो, आणि कुठे जायचं हे त्यालाही ठाऊक नसतं. सुरुवातीला गळ्याचा पट्टा आणि छातीचा हार्नेस दोन्ही बांधा, फोन नंबरचा बिल्ला पहिल्याच दिवशी अडकवा. लांबत जाणारी दोरी मोठ्या कुत्र्याला नको, झटक्याने हातातून निसटते.

लिफ्टमध्ये दुसरं कुणी असेल तर पुढची लिफ्ट घ्या. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. तरी वरच्या मजल्यावरच्या काकांना भीती वाटत असेल तर त्यांच्याशी वाद घालून काय मिळणार?

आठवडाभर सगळे घरी, मग सगळे गायब

रजा टाकून आठ दिवस कुत्र्याजवळ बसायचं आणि सोमवारी एकदम कुलूप लावून जायचं, मग तो दार ओरबाडतो. पहिल्या दिवसापासून दोन मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास असं बाहेर जाऊन या. निघताना निरोपसमारंभ नको. घरात लघवी केली तर नाक घासू नका. जागा नीट धुवा आणि खाल्ल्यावर, उठल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्या.

रात्रीची तयारी न ठेवणं

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत, म्हणजे ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डोबरमन यांच्यात, जठर फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. ओकारीचे उमासे काढतो पण बाहेर काही पडत नाही, पोट ढोलासारखं ताणलेलं, एका जागी बसवत नाही. अशा वेळी ओवा-हिंग लावत बसू नका, यात तासांचा प्रश्न असतो. धोका कमी करायला दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत वाटून द्या आणि जेवणावर लगेच पळवू नका.

शहरात रात्री कोणता पशुवैद्य फोन उचलतो आणि शस्त्रक्रिया कुठे होते, हे कुत्रा घरी आल्याच्या आठवड्यातच विचारून ठेवा. आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय साधारण चाळीस किलोमीटरवर आहे, तिथल्या वेळाही लिहून घ्या. चाळीस किलोंचा आडवा पडलेला कुत्रा एकट्याला उचलत नाही. जाड चादरीवर सरकवून दोघांनी चार टोकं धरायची. रिक्षावाले बहुधा नाही म्हणतात, म्हणून गाडी असलेल्या एका शेजाऱ्याला आधीच विचारून ठेवा.