संध्याकाळच्या बोटीची तयारी तिथीपासून

ऐरोलीच्या खाडीत मावळतीच्या वेळी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला बोटीने फिरून यायचं ठरलं की लोक आधी रविवार बघतात, मग तिकीट, मग कोण कोण येणार. मी सांगेन, आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. ही बोट घड्याळावर सुटत नाही, पाण्यावर सुटते. ठाणे खाडी उथळ आहे. ओहोटीला दोन्ही काठांकडून चिखल आत सरकतो आणि बोटीला वाट उरत नाही. म्हणून फेऱ्या असतात त्या भरतीच्या आगेमागे, आणि रोजची वेळ वेगळी.

हे मला अक्कलखाती जमा करून कळलं. एका फेब्रुवारीत मी हौसेने पौर्णिमेचा शनिवार धरला. एकीकडे भांडुपच्या मागे सूर्य बुडतोय, दुसरीकडे पारसिकच्या डोंगरावरून चंद्र वर येतोय, मधोमध आमची बोट, असं चित्र डोक्यात. नऊ जणांना सांगूनही मोकळी झाले. मग वेळापत्रक उघडलं, तर त्या दिवशीच्या सगळ्या फेऱ्या भर दुपारच्या. दुसऱ्या दिवशी दारावर येणाऱ्या मासळीवाल्या मावशींना हे सांगितलं, तर पाटी खाली ठेवून हसल्या. ‘‘पुनवेला सांजचं पानी कुठं गं असतं, पोरी? तवा सुकती. आठमीच्या आसपास जा.’’

सुकती म्हणजे ओहोटी. हिशेब त्यांनीच शिकवला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ ढोबळ मानाने मिळते. चतुर्थीला तीन वाजता, षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास पाणी भरतं, म्हणजे सहा तासांनी, नेमकी दिवेलागणीला, पूर्ण ओहोटी. पक्ष कुठलाही असो, गणित तेच. खाडीच्या आतल्या अंगाला पाणी थोडं उशिरा पोचतं, त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघावी. पाऊणपट फक्त दिवस निवडण्यापुरती.

मावळतीची फेरी जमते ती साधारण षष्ठी ते अष्टमी या तीन तिथींना. महिन्यात दोनदा तीन-तीन दिवस, म्हणजे सहाच दिवस. त्यातला एखादा शनिवार-रविवारी आला तर नशीब. त्यातही निवड करायची तर शुद्ध सप्तमी किंवा अष्टमी घ्या. वद्य पक्षातल्या अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. शुद्ध अष्टमीला मात्र सूर्य खाली जात असताना अर्धा चंद्र डोक्यावर आलेला असतो. माझ्या पौर्णिमेच्या चित्राची भरपाई म्हणा.

या दिवसांची भरती म्हणजे भांगाची, कमी चढणारी भरती. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखं पाणी काठावरच्या तिवरांच्या (खारफुटीच्या) बुंध्यांपर्यंत चढत नाही. पक्षी बघणाऱ्याला हे सोयीचं असतं, कारण कडेचा थोडा चिखल उघडा राहतो आणि रोहित तिथेच रेंगाळतात. गैरसोय अशी की पाणी जेमतेम असतं, त्यामुळे बोटवाले वेळेच्या बाबतीत कडक. अशा एखाद्या दिवशी संध्याकाळची फेरीच लावलेली नसते. तेव्हा तिथी काढली, की बोटी सोडणाऱ्या केंद्राच्या वेळापत्रकात त्या तारखेला फेरी आहे ना हे पाहून मगच लोकांना निरोप द्या. नऊ जणांना आधी कळवून मग नाही म्हणायला फार जड जातं.

आता सूर्य. नोव्हेंबरअखेर आपल्याकडे सहाच्या सुमारास मावळतं, जानेवारीच्या मध्याला सव्वासहाच्या पुढे, मार्चच्या मध्याला पावणेसातला आणि मे महिन्यात सातच्या थोडं नंतर. पण हा सूर्यास्त पंचांगातला. ऐरोलीहून पाहिलं तर पश्चिमेला आधी मुलुंड-भांडुपच्या इमारती आणि त्यांच्यामागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. गोळा क्षितिजाला टेकायच्या आधीच या डोंगराआड जातो. समुद्रात बुडणारा सूर्य हवा असेल तर जुहूला जा, ही खाडी आहे. इथली गंमत उलटीच आहे. सूर्य आड गेल्यावर पुढची वीसेक मिनिटं पाणी तांबूस राहतं आणि पलीकडे एकेक खिडकी उजळायला लागते. तेव्हा फेरीची वेळ निवडताना शेवटची दहा मिनिटं मावळतीनंतर येतील अशी फेरी मिळते का बघा.

हंगाम नोव्हेंबर ते मे. त्याआधी बोटीत बसायला मिळालं तरी रोहित असतीलच असं नाही. पावसानंतर ते कच्छकडून उतरायला लागतात आणि इथे गर्दी दिसते ती साधारण जानेवारीपासून पुढे. लाखाच्या वर पक्षी मोजले गेल्याची वर्षं आहेत. लहान रोहित जास्त आणि मोठे रोहित कमी, असं प्रमाण असतं. लहानाची चोच गडद किरमिजी, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. घरून निघायच्या आधी मुलांना एवढं सांगून ठेवा, आणि हेही की सगळे गुलाबी नसतात. पिल्लं करड्या रंगाचीच असतात, रंग नंतर शेवाळातून आणि कोळंबीसारख्या बारीक जीवांतून चढतो. माझ्या भाच्याने पहिल्यांदा पाहिल्यावर ‘‘मावशी, हे तर बगळेच आहेत’’ म्हणून तोंड पाडलं होतं.

वासाबद्दल खोटं बोलणार नाही. खाडीला वास येतो. खारट चिखलाचा येतो आणि शहरांच्या सांडपाण्याचाही येतो. नाकाला फार लागत असेल त्याने रुमाल जवळ ठेवावा, पण बोटीत अत्तराचा फवारा मारू नये. वीसेक अनोळखी माणसांना त्याचा जास्त त्रास होतो. त्यातला विरोधाभास असा की याच सांडपाण्यातल्या पोषणावर शेवाळ माजतं आणि त्या शेवाळावर लहान रोहित जगतात. या घाण म्हणवल्या जाणाऱ्या पाण्याचा ऐरोली पूल ते वाशी पूल हा पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य झाला, सुमारे १७ चौरस किलोमीटरचा, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेली. अभयारण्य म्हटलं की नियम आले, त्यामुळे पिशवीत ड्रोन किंवा गाण्यांचा स्पीकर असेल तर तो घरीच ठेवा.

तिकीट आधीच काढा. बोटी सुटतात त्या वनखात्याच्या कांदळवन कक्षाशी जोडलेल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून. हंगामातल्या सुट्टीच्या दिवशी जागा भराभर संपतात, आणि वरच्या हिशेबाने संध्याकाळची फेरी महिन्यातून मोजक्याच दिवशी, तेव्हा आयत्या वेळी मिळेल ही आशा नको. तिकिटाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. जेट्टीवर रेंजची खात्री मी देणार नाही. पाऊस, वारा किंवा पाण्यामुळे फेरी रद्द झाली तर पैशांचं काय होतं, हे तिकीट काढतानाच वाचून घ्या.

ठाण्याहून निघणाऱ्यांनी फलाट नऊ-दहावरून ट्रान्स-हार्बरची गाडी धरावी, ऐरोलीला दहाएक मिनिटांत पोचता. रविवार असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघा, नाहीतर सगळा हिशेब दुपारीच कोलमडेल. ब्लॉक संपल्यावरही गाड्या रुळावर यायला वेळ घेतात. स्टेशनवरून रिक्षाला ‘‘दिवा कोळीवाडा, फ्लेमिंगोची जेट्टी’’ सांगितलं की पुरे. मुलुंडहून येणाऱ्यांना ऐरोली पूल जवळचा, पण शनिवारच्या संध्याकाळी त्या पुलावर किती वेळ जाईल हे कुणी सांगू नये. सुटायच्या वेळेच्या पाऊण तास आधी केंद्रात असावं. लवकर पोचलात तर आतलं छोटं प्रदर्शन बघा, पण मुख्य काम वेगळं आहे: स्वच्छतागृहात जाऊन या. बोटीत ती सोय नसते आणि बोट मध्येच थांबवून तुम्हाला उतरवता येत नाही.

खाणं आधीच उरका, पण पोट तुडुंब नको. खाडीत लाटा नसतात, त्यामुळे बोट लागण्याची भीती थोडीच. ज्यांना एसटीत लागतं त्यांनी मात्र आलेपाकाची वडी तोंडात ठेवावी आणि इंजिनाजवळ न बसता पुढे बसावं, कारण मळमळतं ते बहुतेक डिझेलच्या धुराने. बोटीत चिप्सची पुडी फोडू नका. वाऱ्याने रिकामी पुडी हातातून सुटली की ती थेट तिवरांत जाऊन अडकते, आणि तिथे आधीच अडकलेलं प्लास्टिक पाहून तुम्हालाही बरं वाटणार नाही. पाण्याची घरची बाटली पुरे.

कपड्यांत फार डोकं लावू नका, फक्त पांढरं आणि भडक टाळा. पांढऱ्यावर खाडीच्या पाण्याचे शिंतोडे उठून दिसतात आणि भडक रंग पक्ष्यांना दिसतो. जानेवारीत परतीला वारा बोचतो, म्हणून एक पातळ विंडचीटर. टोपी गळ्याखाली बांधता येईल अशी. गॉगल हवाच, डोक्यावरच्या उन्हापेक्षा पाण्यावरून समोर येणाऱ्या तिरक्या उन्हासाठी. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल. जेट्टीच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात आणि साधी चप्पल एकदा गाळात गेली की गेलीच. साडी नेसून येणाऱ्या काकूंना मी नको म्हणत नाही, पण निऱ्या एका हातात धरायला लागतील आणि दुसरा हात बोटवाल्याला द्यावा लागेल, तेव्हा पर्स कुणाकडे देणार ते आधी ठरवा.

घरातली ज्येष्ठ मंडळी येणार असतील तर पाण्याची उंची पुन्हा आठवा. उधाणाला बोट जेट्टीच्या बरोबरीने उभी असते. भांगाला ती खाली राहते आणि एखादी पायरी जास्त उतरावी लागते. माझ्या सासऱ्यांना गुडघ्याचा त्रास आहे. त्यांना आम्ही सगळ्यांच्या शेवटी चढवलं आणि उतरताना सगळ्यांच्या आधी, कारण रांगेत मागून कुणी ढकलत असेल तर माणूस घाबरतो. लाइफ जॅकेट सगळ्यांना घालावंच लागतं. लहान मुलाला त्याच्याच मापाचं द्या म्हणून आधीच सांगा. मोठ्यांचं जॅकेट पोराच्या कानापर्यंत येतं आणि मग पूर्ण वेळ तेच रडगाणं.

जागेवरून भांडण होतं, म्हणून हे नीट वाचा. बोट ऐरोलीहून सहसा दक्षिणेकडे, वाशीच्या दिशेने जाते. म्हणजे जाताना पश्चिम तुमच्या उजव्या हाताला. मावळता सूर्य हवा असेल तर उजवीकडे बसा. पक्ष्यांचा गुलाबी रंग हवा असेल तर डावीकडे, कारण ऊन पश्चिमेकडून येऊन पूर्व काठावरच्या थव्यावर पडतं. पश्चिम काठावरचे पक्षी उन्हाच्या पोटात काळ्या आकृत्याच दिसतात. येताना हे सगळं उलटं होतं. दोन्ही बाजूंना दोन्ही मिळतं, फक्त पुढेमागे. मागच्या खेपेला एका काकांनी उजवी बाजू मिळावी म्हणून दोन कुटुंबांना उठवलं आणि परतीच्या वाटेवर, सूर्य डोंगराला टेकला तेव्हा, त्यांच्यासमोर मावळतीऐवजी ऐरोलीच्या इमारती होत्या.

फोटोची हौस असेल तर मोबाइल गळ्यात दोरीने अडकवा. झूम करून काढलेला ठिपका नंतर कुणी बघत नाही, त्यापेक्षा अख्खा थवा पाण्यातल्या प्रतिबिंबासकट घ्या. दुर्बीण असेल तर आणाच, ८ × ४२ ची चालते, आणि शेजारच्याच्या पोरालाही दोन मिनिटं द्या. रोहित दूर असतील तेव्हा शेकाट्या, चित्रबलाक, खंड्या, कुरव, ब्राह्मणी घार एवढी मंडळी तरी भेटतातच. थवा उडवण्यासाठी टाळ्या वाजवायच्या नाहीत. बोटवाल्या दादांना ‘‘अजून जवळ घ्या’’ असा आग्रहही नको. पाण्याखालचा चिखल कुठे वर आलाय हे त्यांना माहीत असतं, आणि भांगाच्या दिवशी रुतलेली बोट पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही.

उतरल्यावरची एकच तयारी बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे डास आणि चिलटं. दिवस कलला की तिवरांतून ती ढगासारखी येतात. ओडोमॉस बोटीत बसायच्या आधीच लावा, अंधारात ट्यूब शोधत बसू नका. हाफ पॅन्टवाल्यांनी जरा जास्तच लावावं. रिक्षा संध्याकाळी जेट्टीपाशी उभ्या असतीलच असं नाही. येतानाच्या रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा किंवा मुख्य रस्त्यापर्यंत चालायची तयारी ठेवा. सँडल घरी आल्यावर त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा, कारण सकाळपर्यंत तो गाळ सिमेंटसारखा धरतो.