व्हीए सुटणार असेल तर आधी कार्डावरची दुसरी ओळ बघा

गेल्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. आमचे व्याही अमेरिकन नौदलातले, वय अडुसष्ट. उत्पन्नाच्या फेरतपासणीत त्यांचा गट बदलला आणि व्हीएची, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याची, आरोग्यसेवा बंद होत असल्याचं पत्र आलं. "आता मेडिकेअरचा एखादा प्लॅन बघते," असं त्या अगदी निवांत म्हणाल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये असंच पत्र हातात घेऊन मीही इतकीच निवांत होते. आमचे हे ग्रीन कार्डावर असताना इथल्या आर्मीत भरती झाले, चार वर्षं काढली. आपल्यातले असे आणखीही असतील, म्हणून विहीणबाईंना जे सांगितलं तेच लिहून ठेवते.

प्लॅन-बिन नंतर. आधी मेडिकेअरचं, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी विम्याचं, ते लाल-पांढरं-निळं कार्ड काढा. त्यावर पहिल्या ओळीत हॉस्पिटल म्हणजे पार्ट ए आणि त्याची तारीख असते. त्याखाली मेडिकल म्हणजे पार्ट बी (डॉक्टर, तपासण्या) ही दुसरी ओळ आहे का, ते बघा. असेल तर निम्मी काळजी मिटली. आमच्या कार्डावर ती नव्हती, आणि ते माझंच कर्तृत्व. २०२१ मध्ये हे पासष्टचे झाले तेव्हा सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, चालू होती, त्यामुळे कार्ड आपोआप दोन्ही ओळी घेऊन आलं. बीचा हप्ता तेव्हा महिना १४८.५० डॉलर. सगळं व्हीएत होतंय, मग हे पैसे कशाला, असा हिशेब करून मीच 'बी नको' वर खूण केली, सही घेतली आणि पाकीट पोस्टात टाकलं. खुद्द व्हीए सांगतं की बी घेऊन ठेवा. मी ते वाचलं होतं, हे आणखी वर.

आता नीट वाचा. व्हीए गेलं म्हणून पार्ट बी घ्यायला खास मुदत मिळत नाही. नोकरीचा विमा सुटला की आठ महिन्यांची मुदत मिळते, ती सध्याच्या नोकरीवरच्या विम्यासाठी असते, आणि व्हीए त्यात मोडत नाही. पत्र दाखवा, डीडी-२१४ हा सैन्यातून सुटल्याचा दाखला दाखवा, लष्करी सेवेबद्दल आभार मानतील आणि 'जानेवारीत या' म्हणतील. बीची सर्वसाधारण नोंदणी १ जानेवारी ते ३१ मार्च एवढीच. अर्ज केला त्याच्या पुढच्या महिन्यापासून बी सुरू. आमचं कव्हर ऑगस्टात गेलं आणि बी लागला १ फेब्रुवारी २०२५ ला. मधल्या काळात ऑक्टोबरमध्ये ह्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. दाखल केलं नाही, त्यामुळे पार्ट ए कामाचा नाही. हृदयाचे डॉक्टर, एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सगळं खिशातून. बिलाचा आकडा लिहीत नाही, ह्यांना तो अजून माहीत नाही.

वर दंड. पासष्टीच्या वेळची पहिली मुदत संपल्यापासून बीविना गेलेल्या दर पूर्ण बारा महिन्यांना दहा टक्के. आमची तीन वर्षं भरली, म्हणजे तीस टक्के. २०२५ मध्ये हप्ता १८५ डॉलर होता, आम्ही भरले २४०.५०. हा दंड बी असेपर्यंत राहतो आणि हप्ता वाढला की तोही वाढतो. विहीणबाई म्हणाल्या, पण व्हीए होतं ना इतकी वर्षं? होतं. बीच्या हिशेबात त्याला किंमत नाही. हेच मी तेव्हा फोनवर तीन वेगवेगळ्या माणसांना विचारलं, तीनदा हेच उत्तर मिळालं.

सुटकेच्या वाटा थोड्या आहेत, पण तपासा. तुमच्यापैकी एकजण अजून नोकरीत असेल आणि दोघांचा विमा त्या नोकरीतून असेल, तर ती आठ महिन्यांची मुदत खरोखर मिळू शकते. त्यासाठी सीएमएस-४०बी (बीचा अर्ज) आणि एल५६४ (नोकरीच्या विम्याचा पुरावा) हे दोन फॉर्म लागतात. दुसरा कंपनीकडून भरून घ्यायचा, आणि त्याला वेळ लागतो. उत्पन्न कमी असेल तर राज्याच्या मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅममध्ये बसता का ते विचारा. बसलात तर राज्य बीचा हप्ता भरतं आणि दंडही जातो. आणि व्हीएचं पत्र मुकाट्याने मान्य करू नका. निर्णयावर फेरविचार मागता येतो. शिवाय २०२२ च्या पॅक्ट कायद्याने विषारी धूर-रसायनांशी संबंध आलेल्यांसाठी व्हीएचं दार बरंच उघडलंय. सेवा कुठे झाली ते घेऊन काउंटीच्या व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसरकडे जा, ते पैसे घेत नाहीत.

औषधांचं, म्हणजे पार्ट डीचं, प्रकरण बरोबर उलटं आहे आणि इथेच सगळे गोंधळतात. व्हीएची औषधं डीच्या तोडीची धरली जातात. त्यामुळे कव्हर तुमच्या इच्छेविरुद्ध गेलं तर डीसाठी खास मुदत मिळते: ते गेल्याचा किंवा पत्र मिळाल्याचा महिना, यातला जो नंतरचा, त्यापुढे पूर्ण दोन महिने. बी नसला तरी नुसत्या ए वर डी घेता येतो. सलग ६३ दिवस औषधांच्या कव्हरविना गेले की इथेही दंड सुरू, आणि तोही कायमचा. व्हीएचं पत्र फाईलला लावा, नवीन प्लॅन आधीच्या कव्हरचा पुरावा मागतो. त्या प्रश्नपत्राला उत्तर द्या, जाहिरात समजून टाकू नका. एक ताकीद: रागाच्या भरात व्हीए स्वतःहून सोडू नका. ही मुदत जाईल, आणि परत घेतीलच असं नाही.

अॅडव्हान्टेज प्लॅनला, म्हणजे मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीकडून घेतात त्याला, मात्र ए आणि बी दोन्ही लागतात. टीव्हीवरच्या जाहिरातीत हे सांगत नाहीत. मी तीन प्लॅन निवडून, डॉक्टरांची यादी ताडून एजंटला फोन केला. त्याचा पहिलाच प्रश्न: "बीची तारीख काय?" कार्ड माझ्या हातात होतं. पार्ट एची ओळ आणि त्याखाली कोरा कागद. म्हणून म्हणते, दुसरी ओळ बघा. विहीणबाईंना तर कार्डाचा फोटो पाठवायला लावला.

बी लागला की मेडिगॅपसाठी, म्हणजे मेडिकेअर भरत नाही तो वाटा भरणाऱ्या खासगी पॉलिसीसाठी, सहा महिने. तेवढ्यात तब्येतीचे प्रश्न न विचारता पॉलिसी द्यावीच लागते. नंतर बहुतेक राज्यांत नाकारू शकतात. अॅडव्हान्टेज हवं असेल तर बी सुरू झाल्यापासून साधारण दोन महिने धरा. हिवाळ्यात पुण्याला जाणाऱ्यांनो, मेडिकेअर भारतात चालत नाही. मेडिगॅपच्या जी, एनसारख्या प्लॅनमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे ८० टक्के मिळतात, तेही प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत आणि २५० डॉलर स्वतः भरल्यावर. आणि जाताना पोस्ट अडवून ठेवू नका, कुणाला तरी उघडायला सांगा. बीचा अर्ज मात्र जानेवारीतच करा, ३१ मार्चची वाट बघू नका.

राहिलेलं पटकन. व्हीएची वैद्यकीय कागदपत्रं ऑनलाइन उतरवून घ्या. औषधांची यादी मात्रेसकट. राज्याच्या शिप सल्लागाराची (मेडिकेअरबद्दल सल्ला देणारे) वेळ घ्या, फुकट असते. सैन्यात वीस वर्षं काढून निवृत्त झालेल्यांचं ट्रायकेअर, म्हणजे लष्करी आरोग्यविमा, वेगळं, पण बी त्यालाही लागतोच. चष्मा, दात, कानाचं यंत्र मूळ मेडिकेअरमध्ये नाही, म्हणून व्हीएत जे चालू असेल ते शेवटच्या तारखेआधी उरकून घ्या. ह्यांच्या कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या मी मागवल्या नव्हत्या. त्याही आता दुकानातून आणते.