कमी उंचीवाल्यांनी सायकलची फ्रेम कशी बघायची

माझी उंची चार फूट अकरा, म्हणजे १५० सेंमी, आणि जळगावात सायकल बघायला गेलं की ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, "ताई घ्या बिनधास्त, सीट खाली करून देतो." सीट खाली होते हो, पण सीटपासून हँडलपर्यंत जी वरची दांडी आहे ती लहान करून कोणी देत नाही आणि आपला सगळा त्रास तिथंच असतो. माझी पहिली सायकल १८ इंची फ्रेमची होती, एरंडोलला जाऊन आले की दोन्ही करंगळ्या बधिर, मानेत कळ, आणि मला वर्षभर वाटत राहिलं की माझाच स्टॅमिना कमी पडतोय. आत्याने पहिल्या दिवशीच बघून म्हटलं होतं, "माय व, सायकल तुन्हापेक्षा मोठी शे." अगदी बरोबर बोलली होती.

आधी आकड्यांचा घोळ मिटवू. आपल्याकडे "२६ ची सायकल" म्हणतात ना, तो २६ चाकाचा आकडा. फ्रेमचा आकडा वेगळा असतो, एमटीबीला (माउंटन बाईक, खडबडीत रस्त्याची) इंचात (१३, १५, १७ वगैरे), रोड बाईकला सेंमीत (४४, ४७, ५०), नाहीतर नुसतं एक्सएस, एस, एम. त्याच २६ च्या चाकावर १४ ची फ्रेमही मिळते आणि १८ चीही. जुन्या काळ्या सायकली २८ च्या चाकाच्या आणि २२-२४ इंची फ्रेमच्या असायच्या, आपल्यातले कितीतरी जण त्यावर त्रिकोणातून पाय घालून शिकले, त्यामुळे सायकल मोठीच असते, जुळवून आपणच घ्यायचं हे मनात पक्कं बसलंय. ते काढून टाका.

आता माप. चप्पल-बूट काढून भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, पायांमध्ये साधारण एक वीत अंतर, आणि जाड पुठ्ठ्याची लांबवही दोन्ही पायांच्या मधे कडेवर उभी धरायची, तिची एक बाजू भिंतीला टेकलेली, आणि वर ओढायची, चांगली घट्ट, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढी. हळू धरलं तर माप कमी येतं. वहीच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलची खूण आणि तिथून जमिनीपर्यंत टेपने मोजा, सेंमीत. तीनदा करा आणि शक्यतो घरातल्या कुणाला तरी खूण करायला सांगा, स्वतः वाकलं की वही सरकते. याला इनसीम म्हणतात. एकाच उंचीच्या दोन माणसांचे इनसीम तीन-चार सेंमीने सहज वेगळे निघतात, म्हणून नुसत्या उंचीच्या तक्त्यावर सायकल घेऊ नका.

माझं इनसीम ६८ आलं. रोड बाईकसाठी ०.६७ ने गुणायचं, ४५.५ सेंमी. एमटीबीसाठी ०.२२५ ने, उत्तर इंचात येतं, १५.३. म्हणजे १८ ची फ्रेम माझ्यासाठी कधीच नव्हती. सीटच्या उंचीला ०.८८३, म्हणजे ६० सेंमी, दोन्ही पायडलचे दांडे ज्या मधल्या एक्सलला जोडलेले असतात तिथून सीटच्या माथ्यापर्यंत. ग्रेग लेमाँड, तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेला, त्याच्यामुळे हा आकडा सगळीकडे पोचला. दुकानात टेप घेऊनच जा आणि सीट तेवढी खाली उतरते का ते बघा, काही फ्रेममध्ये सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, मधेच अडकतो.

पण हे सगळे अंदाज आहेत, कारण हल्ली दांडी तिरकी असते आणि एका कंपनीचा एस दुसरीच्या एम एवढा निघतो. खरा निकाल दोन ठिकाणी लागतो.

एक, दांडीवरून उभं राहून. रोज जे बूट घालणार तेच घालून, दोन्ही टाचा जमिनीवर. रोड बाईकला दोन-तीन सेंमी मोकळी जागा हवी, एमटीबीला पाच तरी. सावदा-रावेर रोडवर केळीचा भरलेला ट्रक शेजारून गेला की सायकल वाऱ्याने हलते आणि तुम्हाला त्याच क्षणी पाय टेकायचा असतो, तेव्हा हे दोन-तीन सेंमी फार मोठे वाटतात.

दोन, रीच. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि दुकानात कोणी विचारतच नाही. कंपनीच्या साइटवर जॉमेट्रीचा, म्हणजे फ्रेमच्या मापांचा, तक्ता असतो त्यात रीच हाच शब्द शोधा, त्याच मधल्या एक्सलवरून सरळ वर रेघ मारली तर तिथून फ्रेमच्या पुढच्या, हँडल जिथे बसतं त्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर. लहान फ्रेममध्ये सीटची नळी जास्त उभी केलेली असते, त्यामुळे वरच्या दांडीचा आकडा छोटा दिसतो आणि रीच तेवढाच राहतो, फसू नका. चालवून बघताना कोपरं थोडी वाकलेली हवीत. हात ताठ झाले, खांदे कानाकडे गेले, की सायकल लांब आहे. आणि दुकानासमोर एक चक्कर मारून हे कळत नाही, पंधरा-वीस मिनिटं मागा, मेहरूण तलावापर्यंत जाऊन या.

दोन साइझच्या मधे अडकलात तर लहान घ्या. लहान फ्रेम थोडी वाढवता येते, मोठी फारशी कमी करता येत नाही. स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारा पुढचा तुकडा, १०० मिमीचा काढून ७० चा लावता येतो, पण त्याहून फार लहान केला तर हँडल चंचल होतं. हात पोचत नाही म्हणून सीट पुढे ढकलून देतात ते मात्र करू देऊ नका, गुडघे दुखायला लागतात. ब्रेकच्या लिव्हरला बहुतेक वेळा बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर जवळ येते, लहान बोटांसाठी हे बिनखर्चाचं काम आहे. क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या, आतल्या बाजूला लांबी मिमीत कोरलेली असते, १७० किंवा १७५ असेल तर १६५ चा मिळतो का विचारा, गुडघा वर येताना पोटाशी दाटत नाही.

लहान फ्रेमला ७०० सी चं मोठं चाक असेल तर हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. यावर उपाय म्हणून अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या इंजिनिअर बाईने १९८५ मध्ये कंपनी काढून पुढचं चाक लहान असलेल्या सायकली बनवल्या होत्या. आपण फार तर २७.५ किंवा २६ चं चाक बघायचं.

लेडीज फ्रेम घेतली की प्रश्न सुटला असंही नाही, तिथे दांडी खाली असते म्हणून चढ-उतर सोपी होते, पण रीच तरीही मोजावाच लागतो. पुरुषांनीही लाजू नये, ती फ्रेम बसत असेल तर घ्यावी. चार फूट आठच्या आसपास उंची असेल तर २४ च्या चाकाची सायकलही बघा, फक्त ती किती वजन पेलते ते विचारून घ्या.

सगळं जुळलं की सीटपोस्टला जिथे फ्रेम लागते तिथे इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवा. घरातलं कोणी सीट वर करून बाजारात घेऊन गेलं, तरी सकाळी पाच वाजता अंधारात निघताना सीट परत त्याच खुणेवर आणता येते.