सिनेमावर एम.ए.चं डिझर्टेशन करताय? आपल्या गावच्या टॉकीजपासून सुरुवात करा

‘मराठी चित्रपटातील स्त्रीप्रतिमा’ असा विषय घेऊन कुणी आलं की मी विचारते, कुठल्या वर्षांतले चित्रपट? कुठल्या गावात लागलेले? कुणी पाहिलेले? समोरून बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘मॅडम, ते अजून ठरवायचंय.’ मग वही उघडून आम्ही ते ठरवायला बसतो. मीडिया आणि चित्रपट अभ्यासाच्या एम.ए.ला दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो, आणि विषय सैल राहिला तर मार्च महिन्यात त्याचा त्रास होतो. म्हणून माझा आग्रह असा, की हातात धरता येईल असा एखादा कागद आणि चालत जाता येईल अशी एखादी जागा आधी शोधा. सिद्धान्त, आवडता दिग्दर्शक, मोठमोठे शब्द हे सगळं नंतर आपसूक येतं. लातूर, सांगोला, चिपळूणकडून आलेल्या मुलांना मी हे जास्त ठासून सांगते. त्यांच्या तालुक्याच्या टॉकीजबद्दल आजवर कुणी चार ओळी लिहिलेल्या नसतात. ते काम त्यांच्याइतकं चांगलं दुसरं कुणी करू शकत नाही.

प्रवेश घेण्याआधीच वाचत असाल तर एवढं बघून घ्या, की सिनेमा करायला शिकायचंय की सिनेमाचा अभ्यास करायचाय. कॅमेरा, संकलन, ध्वनी हातात घ्यायचे असतील तर पुण्याची एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे. 1960 साली प्रभात फिल्म कंपनीच्याच जागेत ती सुरू झाली. अभ्यासाची वाट धरायची असेल तर कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात चित्रपट अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे, दिल्लीला जेएनयूमध्ये कला आणि सौंदर्यशास्त्राचा विभाग आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतली मुलं माहितीपटही करतात आणि प्रबंधही लिहितात. आपल्या विद्यापीठांतल्या पत्रकारिता आणि संज्ञापन विभागांतही चित्रपटावर डिझर्टेशन घेता येतं, फक्त मार्गदर्शक कोण मिळणार याची आधी चौकशी करा.

आता विषय.

पंढरपूरकडची एक विद्यार्थिनी स्त्रीप्रतिमाच घेऊन आली होती. तिला म्हटलं, आईला फोन लाव आणि विचार, लग्नाआधी पिक्चर बघायला कुणाबरोबर जायचीस? आईने पाच मिनिटांत सांगितलं, की बायकांची बसायची जागा वेगळी होती, तिकिटाची खिडकीही वेगळी होती, आणि मोठ्या जावेने ‘चला’ म्हटल्याशिवाय कुणी उठत नसे. विषय तिथेच मिळाला: 1975 ते 1985 या दहा वर्षांत त्या गावच्या टॉकीजमध्ये बायका कोणत्या खेळाला येत, कुठे बसत, आणि कोणता पिक्चर बघायचा हे घरात कोण ठरवत असे. काळ, गाव आणि प्रश्न ही तिन्ही नक्की झाली, की विषय पक्का झाला समजा. यातलं एक जरी मोकळं असेल तरी सिनॉप्सिस, म्हणजे प्रकल्पाचा आराखडा, देऊ नका.

कागद कुठे मिळतात

पहिली जागा म्हणजे टॉकीज. बंद पडलेलं असलं तरी जा. मालकाची पुढची पिढी बहुतेक त्याच आवारात राहत असते. ऑफिसच्या कपाटात, बाल्कनीच्या जिन्याखाली, ऑपरेटरच्या केबिनमध्ये काय काय सापडतं! रोजच्या वसुलीचे अहवाल म्हणजे डीसीआर, वितरकांशी झालेला पत्रव्यवहार, एमजीचे (किमान रकमेच्या हमीचे) करार, पोस्टरांचे गठ्ठे, टॉकीजमध्ये लावायची शो कार्डं. यात डीसीआर हा सगळ्यांत बोलका कागद आहे. कोणत्या खेळाला कोणत्या वर्गाची किती तिकिटं गेली, त्यावर करमणूक कर किती लागला, हे त्यात खेळानुसार असतं. सोमवारची मॅटिनी आणि बाजाराच्या दिवशीची मॅटिनी शेजारी ठेवून बघा, गाव कसं जगत होतं ते कळायला लागतं. कागद घरी नेऊ नका. तिथेच खिडकीपाशी, सावली पडणार नाही असे मोबाइलवर फोटो काढा. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग कागदाचा प्रकार लिहा. तीनशे फोटो झाले की या क्रमाचा उपयोग कळतो.

दुसरी जागा नगर वाचनालय. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड तिथे असतात आणि त्यांत टॉकीजच्या जाहिराती असतात. ‘रोज 3, 6, 9’, ‘आठवडा 4 था’, ‘फक्त स्त्रियांसाठी खास खेळ’ असल्या एका ओळीच्या जाहिराती तक्त्यात भरत गेलात की दहा वर्षांचा पट उभा राहतो. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरं कुणी केलेलं नाही, म्हणून तर त्याला किंमत आहे.

तिसरी जागा सरकारी दप्तर. चित्रपटगृहाचा परवाना आणि करमणूक कर हे दोन्ही विषय जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे असत. 2017 साली जीएसटी आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विरून गेला, पण जुनी दप्तरं आहेत. त्यांच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय घेता येतो आणि मजकूर 150 शब्दांच्या आत बसवावा लागतो, तेव्हा मोघम लिहू नका. ‘अमुक चित्रपटगृहाच्या परवान्याची 1975 ते 1985 या काळातली नस्ती पाहण्यास मिळावी’ असं लिहा (नस्ती म्हणजे फाइल). आधी पाहणी मागायची, पानं बघून मग हव्या त्याच प्रती मागायच्या. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही तर पहिलं अपील करता येतं. ‘अभिलेख नष्ट केले’ असं उत्तर आलं तर ते कधी आणि कोणत्या आदेशाने नष्ट केले त्याची नोंद मागा. ती नोंदही तुमच्या प्रबंधात जाते. या सगळ्याला वेळ लागतो, त्यामुळे अर्ज जुलै-ऑगस्टमध्येच टाका.

चौथी जागा पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलण्यातलं एनएफएआय. 1964 साली ते स्थापन झालं, आता एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, अखत्यारीत आहे. तिथे फक्त सिनेमेच असतात असं समजून मुलं जातात. खरं तर एम.ए.च्या विद्यार्थ्याला तिथल्या कागदांचा उपयोग जास्त होतो: पोस्टरं, छायाचित्रं, सेन्सॉरसाठी सादर झालेल्या संहिता आणि गाण्यांच्या चोपड्या, म्हणजे चित्रपटाची गाणी आणि कथासार छापलेल्या पुस्तिका. जाण्याआधी विभागाचं पत्र घ्या, काय बघायचंय त्याची यादी करा आणि वेळ ठरवूनच जा. ‘जुने मराठी चित्रपट दाखवा’ या मागणीवर तिथला माणूसही काही करू शकत नाही.

गाण्याची चोपडी हातात आली की मुलं थेट गाण्यांवर जातात. तुम्ही मागून सुरुवात करा. शेवटच्या पानाच्या तळाशी छापखान्याचं नाव आणि गाव असतं, पुष्कळदा किंमतही असते. मग कथासार वाचा. ते बरोबर पेचप्रसंगाशी येऊन थांबतं आणि ‘पुढे काय होतं ते पडद्यावर पाहा’ असं सांगतं. गोष्ट कोणाची म्हणून सांगितली आहे, नायिकेची ओळख कुणाची मुलगी किंवा कुणाची बायको म्हणून करून दिली आहे, हे सगळं त्या पानभर मजकुरात असतं. निर्माता आपला पिक्चर प्रेक्षकाला कसा विकत होता हे सांगणारा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

मूकपटाच्या काळावर काम करणार असाल तर रंगाचारी समितीच्या 1927-28 च्या साक्षी वाचल्याशिवाय लिहायला बसू नका. ब्रिटिश सरकारने सिनेमाच्या चौकशीसाठी नेमलेली ही समिती होती. टॉकीजमालक, निर्माते, शिक्षक, अधिकारी अशा अनेकांच्या साक्षी प्रश्नोत्तरांच्या रूपात छापल्या आहेत, त्यांत दादासाहेब फाळक्यांचीही आहे. तिकिटाचे दर, प्रेक्षक कोणत्या थरातला, बायका येतात का, हेच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारले गेले होते. सोबत फाळक्यांनी 1917-18 मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिलेले लेख वाचा. मराठीत सिनेमाबद्दल इतक्या लवकर इतकं मोकळं लिहिलं गेलं आहे, आणि आपल्या एम.ए.च्या वर्गात ते इंग्रजी अनुवादातून वाचलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. मूळ मराठी वाचा.

तुम्ही बघताय तो सिनेमा पुरा आहे का?

ही तपासणी प्रत्येकाने करायचीच. यूट्यूबवर किंवा सीडीवर मिळणारी आवृत्ती कितीदा तरी कापलेली असते, आणि तिच्यावरून ‘दिग्दर्शकाने हा प्रसंग टाळला’ असले निष्कर्ष काढले जातात. सेन्सॉर प्रमाणपत्रावर चित्रपटाची लांबी दिलेली असते, जुन्यांवर फुटांत, नंतरच्यांवर मीटरमध्ये. 35 मिमीची बोलपटाची फिल्म सेकंदाला 24 फ्रेमच्या वेगाने मिनिटाला 90 फूट, म्हणजे 27.43 मीटर पळते. समजा प्रमाणपत्रावर 3,840 मीटर आहे. 27.43 ने भागलं की 140 मिनिटं येतात. तुमच्याकडची फाइल 121 मिनिटांची असेल तर लगेच ‘19 मिनिटं गायब’ असं लिहू नका. टीव्हीसाठी केलेल्या आवृत्त्या पुष्कळदा 25 फ्रेमच्या वेगाने चालतात, त्यामुळे एकही प्रसंग न कापता 140 मिनिटांचा सिनेमा 134 मिनिटांवर येतो. म्हणजे खरी गळती साधारण 13 मिनिटांची. ती कुठे आहे हे चोपडीतल्या गाण्यांशी आणि संहितेशी ताडून बघा. बहुतेक वेळा एखाददुसरं गाणंच गेलेलं असतं. प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात सेन्सॉरने सांगितलेल्या काटछाटीची नोंद असते, तीही मिळवा. मूकपटाला हा हिशेब लावू नका, तिथे वेग ठरलेला नव्हता.

काही बाबतींत प्रतच वादात असते. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला, पण आज बघायला मिळणारी रिळं त्याच चित्रपटाची की फाळक्यांनी 1917 साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्या काळातली नायट्रेटची फिल्म पटकन पेटते. 2003 साली पुण्यात लागलेल्या आगीत प्रभातच्या काळातल्या कितीतरी प्रती गेल्या. त्यामुळे आपण कोणती प्रत, कुठे, किती मिनिटांची पाहिली हे तळटीपेत लिहायचंच.

माणसांशी बोलताना

‘जुन्या काळी सिनेमा कसा होता?’ असं विचारलंत तर ‘फार छान होता’ एवढंच उत्तर मिळेल. ऑपरेटरला विचारा, प्रोजेक्टरच्या दिव्यातली कार्बनची कांडी किती वेळात बदलावी लागायची? प्रिंट एसटीने यायची की रेल्वेने? एकच प्रिंट दोन गावांत चालवताना सायकलवरून रीळ कोण नेत असे? रिळांऐवजी यूएफओचं डिजिटल प्रक्षेपण आल्यावर तुमच्या केबिनमधलं कोणतं काम उरलं? डोअरकीपरला विचारा, कुणाला आत सोडायचं नाही असं सांगितलेलं असायचं? हा प्रश्न विचारून गप्प बसा. जात, पैसा, बाई एकटी आली तर काय, हे सगळं त्या शांततेनंतर येतं.

बायकांच्या मुलाखती स्वयंपाकघरात, दुपारी, घरातली पुरुषमंडळी नसताना घ्या. एकीला एकटीला बसवण्यापेक्षा दोघी-तिघी मैत्रिणी किंवा जावाजावा एकत्र आल्या तर आठवणी एकमेकींना धरून निघतात. पण कुणी दुसरीच्या तोंडातलं वाक्य ओढून घेत असेल तर तिच्याकडे नंतर वेगळं जा. रेकॉर्डिंगची परवानगी मराठीत, त्यांना समजेल अशी, सुरुवातीलाच घ्या आणि ती परवानगीही रेकॉर्ड करा. ज्यांना नाव नको आहे त्यांचं नाव बदला. लिहून काढताना बोली सुधारू नका. आजी ‘थेटर’ म्हणाल्या तर ‘थेटर’च लिहा, ‘चित्रपटगृह’ करू नका.

लिहायला बसल्यावर

पहिलं प्रकरण सगळ्यांत शेवटी लिहा. आधी तुमच्याकडचा सर्वांत पक्का पुरावा घेऊन त्यावर दहा पानं लिहा: एक आठवडा, एक टॉकीज, एक डीसीआर. ती दहा पानं मार्गदर्शकाला दाखवा. त्यातून जो प्रश्न वर येईल त्याच्यासाठीच सिद्धान्त वाचा. प्रेक्षकवर्ग, सार्वजनिक अवकाश, दृष्टी यांवर जगभर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण तुमच्या गावातल्या बायकांच्या वेगळ्या खिडकीला त्यातलं काय लागू पडतं हे तुम्हालाच ठरवायचंय. लागू पडत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. व्हायवाला येणारे परीक्षक अशा पानावर थांबून प्रश्न विचारतात, आणि तिथे तुमच्याकडे तक्ता असतो, फोटो असतो, आवाज असतो.

विद्यापीठ परवानगी देत असेल तर मराठीत लिहा. ज्यांच्यावर लिहिलंय त्यांना ते वाचता आलं पाहिजे. इंग्रजीत लिहावं लागलं तरी मुलाखतींचे उतारे मूळ मराठीत परिशिष्टात द्या.

सगळे फोटो आणि रेकॉर्डिंग दोन ठिकाणी साठवा, एक प्रत विभागाच्या ग्रंथालयात यादीसह द्या. टॉकीजमालकाला त्यांच्याच कागदांच्या स्कॅन प्रती पेन ड्राइव्हवर द्या आणि मूळ कागद पंख्याखाली उघडे न ठेवता खोक्यात भरून ठेवायला सांगा. पुढच्या वर्षी त्याच तालुक्यातून दुसरा विद्यार्थी येईल, तेव्हा ते त्याच्या कामी येतील.