जुन्या हिपहॉपचा कन्सोलवाला आवाज लॅपटॉपवर कसा आणायचा, गोव्याच्या घुमट वाद्याच्या ठोक्यासकट

म्हापशाहून एक पोरगा माझ्याकडे फोंड्याला ट्रॅक घेऊन येतो, मराठीत रॅप करतो, लिहितो एकदम मस्त. दर वेळी त्याचा एकच प्रश्न असतो, दादा तो नव्वदच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या गाण्यांसारखा जाड आवाज कुठल्या प्लगइनने (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामने) येतो ते सांग, मी घेऊन टाकतो. त्याला जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतोय, कारण हेच विचारणारे बरेच भेटतात.

तर एका प्लगइनने तो येत नाही रे. तो जाड आवाज कन्सोलचा, म्हणजे स्टुडिओतल्या मोठ्या मिक्सिंग टेबलचा. त्यावर २४ ट्रॅक असले तर २४ चॅनेलमधून सिग्नल जायचा, प्रत्येक चॅनेल त्यात आपलं चिमूटभर काहीतरी घालायचा आणि ते चिमूट चिमूट साठून तो आवाज व्हायचा. मास्टरवर एकच प्लगइन टाकून त्याचा नॉब पुरा फिरवला तर सगळं मळकट होतं, जाड होत नाही.

त्या काळात बड्या स्टुडिओंमध्ये एसएसएल कंपनीच्या कन्सोलची ४००० सिरीज फार दिसायची, त्यातलं ई मॉडेल १९७९ साली आलं आणि जी १९८७ साली. कंपनी इंग्लंडची, ऑक्सफर्डजवळची, पण न्यूयॉर्कच्या रॅपला तिचा आवाज चिकटला तो कायमचा. त्याचं कारण समजून घ्या. या कन्सोलच्या प्रत्येक चॅनेलवर स्वतःचा ईक्यू (आवाजाचे पट्टे कमीजास्त करणारा), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) आणि गेट (बारीक आवाज बंद करणारा) होता, आणि मास्टरला वेगळा बस कॉम्प्रेसर (बस म्हणजे अनेक ट्रॅक एकत्र येतात ती वाट). त्याआधी कॉम्प्रेसर म्हणजे रॅकमधले मोजके डबे, कुठल्या ट्रॅकला लावायचा ते विचार करून ठरवायचं. इथे किकला लावा, स्नेअरला लावा, हायहॅटलाही लावा. ते जे ड्रम तोंडावर येऊन आदळतात ना, ते यातूनच. नीव्ह या दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवरही भरपूर हिपहॉप झालंय, तो जास्त गोल आणि भारी वाटतो, पण ड्रमला धार हवी असेल तर मी एसएसएलच्याच बाजूचा.

पण कन्सोलच्या आधी सॅम्पलर (आवाजाचा तुकडा घेऊन वाजवणारी मशीन) येतो आणि इथे बहुतेक जण चुकतात. त्या गाण्यांमधले ड्रम कन्सोलला पोचायच्या आधीच अर्धे शिजलेले असायचे. ईम्यूचा एसपी-१२००, १९८७ चा, १२ बिट, सॅम्पल रेट सुमारे २६ किलोहर्ट्झ, सगळे सॅम्पल मिळून फक्त १० सेकंदांची जागा. म्हणजे मूळ आवाजातलं १३ किलोहर्ट्झच्या वर काही शिल्लकच राहायचं नाही. जागा वाचवायला लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर फिरवून सॅम्पल घ्यायचे आणि मशीनमध्ये पिच खाली आणायचे, त्यात जो खरखरीत कण आवाजाला चढायचा तो लोकांना इतका आवडला की तीच त्याची ओळख झाली. दुसरा अकाईचा एमपीसी-६०, १९८८ चा, रॉजर लिनने बनवलेला, तोही १२ बिटच पण ४० किलोहर्ट्झ, म्हणून जास्त उघडा आणि ठोसा घट्ट.

हे लॅपटॉपवर करायचं तर सॅम्पलचा सूर ५ सेमिटोन आणि आणखी सुमारे २० सेंट (१०० सेंट म्हणजे एक सेमिटोन) वर चढवा (४५ आणि ३३ चा फरक एवढाच होतो), टाइमस्ट्रेच बंद ठेवून, म्हणजे वेगही वाढला पाहिजे. मग डी१६ चं डेसिमॉर्ट किंवा असलं कुठलंही बिटक्रशर (बिट आणि सॅम्पल रेट मुद्दाम कमी करणारं प्लगइन) लावून १२ बिट आणि २६ किलोहर्ट्झवर आणा, ते रेंडर करा (म्हणजे नवी फाइल काढा), आणि रेंडर झालेली फाइल तेवढीच खाली उतरवा. रेंडर करणं महत्त्वाचं आहे, कारण खाली उतरवल्यावर बिटक्रशरने घातलेला कचरा पण खाली उतरतो आणि मधल्या पट्ट्यात येऊन बसतो, तिथेच ती माती आहे. अजून एक, इथे प्लगइनचं ओव्हरसॅम्पलिंग (आतून जास्त सॅम्पल रेटवर काम करणं) बंद ठेवा, कारण आपल्याला एलियासिंग (कमी सॅम्पल रेटमुळे उमटणारे खोटे सूर) हवंच आहे. पुढे कन्सोलच्या प्लगइनमध्ये मात्र चालू करा, तिथे नकोय.

मी हे घुमटावर केलं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या वाड्यावर आरतीला घुमट, शामेळ, कासाळं ही सगळी वाद्यं असतात, एका रात्री आरती झाल्यावर ज्याच्या हातात घुमट होतं त्या काकांना म्हटलं काका दोन मिनिटं एकटं वाजवा ना, आणि मागच्या खोलीत पंखा बंद करून एकच माइक लावून रेकॉर्ड केलं. मातीच्या मडक्याचं एक तोंड चामड्याचं आणि दुसरं उघडं, डाव्या हाताने ते उघडं तोंड दाबत सोडत गेलं की तो 'भूम' वरखाली वाकतो. माइक आधी चामड्यासमोर ठेवला होता, नुसता टकटक आला. उघड्या तोंडापासून वीतभर लांब, जरा तिरका ठेवला तेव्हा पोट आलं. तो ठोका १२ बिटमधून काढला आणि किकच्या खाली लावला तर कुठल्याही विकत घेतलेल्या ड्रम किटमध्ये नाही असा ठोका मिळाला. घरचा आवाज आहे, वापरा रे. २०१९ पासून घुमट गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर आहे, पण आपल्या बीटमध्ये ते किती कमी ऐकू येतं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, लेव्हल. तेच घुमट मी पहिल्यांदा प्लगइनमध्ये टाकलं तेव्हा पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) जवळजवळ शून्याला टेकत होतं, दिसायला भरदार वेव्हफॉर्म, मी खूश. आणि एसएसएलचं चॅनेल लावलं की आवाज चेपून कागदासारखा. दोन दिवस मी ईक्यूच फिरवत बसलो. मग कळलं की ही प्लगइन जुन्या मशीनच्या हिशोबाने बनवलेली असतात, बहुतेकांमध्ये शून्य व्हीयू (जुन्या सुईवाल्या मीटरचा शून्य) म्हणजे डिजिटलमध्ये उणे १८ डीबी धरतात. मी त्यात कितीतरी जास्त ओतत होतो. चॅनेलच्या आधी गेन १२ डीबी खाली घेतला आणि त्याच सेटिंगवर चामड्याचा फटका वेगळा, पोट वेगळं ऐकू आलं. म्हणून पहिलं काम, कुठलंही प्लगइन लावायच्या आधी प्रत्येक ट्रॅकचा गेन असा ठेवा की सलग आवाज उणे १८ च्या आसपास आणि ड्रमचे पीक उणे १० ते उणे ६ पर्यंत. फेडरने (ट्रॅकच्या आवाजाच्या सरकपट्टीने) नाही, क्लिप गेनने (ट्रॅकवरच्या ऑडिओ तुकड्याच्याच गेनने) किंवा ट्रिम प्लगइनने, कारण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फेडर प्लगइनच्या नंतर येतो. स्पीकर बारीक वाटतील, वाटू दे, स्पीकरचा नॉब वाढवा.

प्लगइन कुठलं, हा प्रश्न खरं तर दुय्यम आहे. एसएसएलची स्वतःची आहेत, वेव्हजची आहेत, युनिव्हर्सल ऑडिओची आहेत, ब्रेनवर्क्सच्या ४००० ई मध्ये ७२ चॅनेल थोडेथोडे वेगळे बनवलेत, म्हणजे प्रत्येक ट्रॅकला वेगळा नंबर दिला की खऱ्या कन्सोलसारखा बारीक फरक पडतो. वेव्हजच्या एनएलएसमध्ये ईक्यूबिक्यू काही नाही, फक्त कन्सोलचा रंग, त्यात स्पाइक म्हणजे एसएसएल आणि नेवो म्हणजे नीव्ह. पैसे नसतील तर एअरविंडोज फुकट आहे, दिसायला नुसते स्लायडर पण कानाला फार चांगलं, त्याचं कन्सोल जोडीने लागतं, चॅनेलवालं प्रत्येक ट्रॅकवर सगळ्यात शेवटी आणि बसवालं मास्टरवर सगळ्यात आधी. ॲनालॉग ऑब्सेशनचा बस्टर पण फुकट, बस कॉम्प्रेसरसाठी. एक निवडा आणि सगळ्या ट्रॅकवर तेच लावा. ड्रमवर एक कंपनी, रॅपच्या आवाजावर दुसरी असं करू नका, कन्सोल एकच असायचा आणि गाणं एका खोलीतलं वाटायचं ते त्यामुळेच.

चॅनेलवर काय करायचं ते किकपासून सांगतो. ६० हर्ट्झला ३-४ डीबी वर, ३५० च्या आसपास ४ डीबी खाली, ३ किलोहर्ट्झला ३ डीबी वर. एसएसएलवर लोक बिनधास्त फिरवायचे, तुम्हीही अर्धा डीबी अर्धा डीबी करत बसू नका. मग चॅनेलचा कॉम्प्रेसर, रेशो (किती दाबायचं) ४, अटॅक (किती लवकर दाबायला लागायचं) फास्टवर नाही, रिलीज (किती लवकर सोडायचं) सगळ्यात जलद, आणि थ्रेशोल्ड (कुठल्या लेव्हलपासून दाबायचं) एवढा की ४-५ डीबी दबेल. आता इथे एक फसगत आहे, या कॉम्प्रेसरमध्ये मेकअप गेन आपोआप होतो, म्हणजे थ्रेशोल्ड खाली आणला की आवाज मोठा होतो आणि मोठा म्हणून चांगला वाटतो. त्यामुळे आउटपुट कमी करून प्लगइन चालू बंद करून एकाच लेव्हलला ऐका, आणि तेव्हाही चांगलं वाटलं तरच ठेवा. स्नेअरला २०० वर अंग, ५ किलोहर्ट्झवर कडकपणा, आणि जुन्या रेकॉर्डवरून घेतलेला ब्रेक असेल तर गेट लावून शेपटी कापा, ठोका आणि शांतता, ठोका आणि शांतता, त्यातूनच मान हलते. सॅम्पल केलेल्या सुरावटीला खालून १५० पर्यंत कापा, बेसला जागा पाहिजे.

ड्रम सगळे एका बसवर घ्या आणि त्याची एक कॉपी दुसऱ्या बसवर पाठवा, तिथे कॉम्प्रेसर क्रूरपणे लावा, १० डीबी तरी दबू दे, आणि तो फेडर तळापासून हळूहळू वर आणा. ड्रम जाड झालेत असं वाटलं की तिथून जरा मागे घ्या. याला न्यूयॉर्क कॉम्प्रेशन म्हणतात ते उगाच नाही.

रॅपच्या आवाजाला ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, चॅनेल कॉम्प्रेसरने ५-६ डीबी, ८ किलोहर्ट्झच्या वर थोडी हवा, रिव्हर्ब जवळजवळ नकोच. रेकॉर्डिंग मात्र पावसाळ्यात दुपारी करू नका. आमच्याकडे पत्र्यावर पाऊस सुरू झाला की कॉम्प्रेसर प्रत्येक ओळीच्या मधे तो पाऊस वर खेचतो आणि मग कुठलंच प्लगइन तो काढत नाही. मी जून ते ऑगस्ट सगळे व्होकल गादीच्या आडोशाला, रात्री पाऊस उघडल्यावर घेतो.

शेवटी मास्टरचा बस कॉम्प्रेसर, शेवटी म्हणजे साखळीत शेवटी, लावायचा मात्र मिक्स सुरू करतानाच, म्हणजे तुम्ही त्याच्या आत मिक्स करता. रेशो ४, अटॅक १० किंवा ३० मिलिसेकंद, रिलीज ०.१ किंवा ऑटो. अटॅक जलद ठेवला तर किकचा फटका मरतो. सुई २ ते ४ डीबीच्या मध्ये नाचली पाहिजे आणि तालात नाचली पाहिजे, पुढच्या ठोक्याच्या आत परत येत नसेल तर रिलीज कमी करा. बेस लांबलचक असला की सगळं गाणं त्याच्याबरोबर खालीवर व्हायला लागतं, जुन्या यंत्रात त्यावर उपाय नव्हता, पण प्लगइनमध्ये साइडचेनचा हायपास (कॉम्प्रेसरला खालचा बेस ऐकू न देणारा फिल्टर) असेल तर ८० च्या आसपास लावा, हे जुन्यापेक्षा चांगलंच आहे, वापरायला लाजू नका. लिमिटर (पीक अडवून धरणारा) आत्ता लावू नका.

मिक्स झालं की मोनो करून (डावा-उजवा एकत्र करून) ऐका, मग फोनवर, मग गाडीत. मी फोंडा ते पणजी बसने जाताना एका कानात इअरफोन घालून ऐकतो, इंजिनाच्या आवाजात किक आणि शब्द दोन्ही कळले तर बरोबर. पहिल्यांदा घुमट तिथे पार गायब झालं होतं, कारण त्याचं सगळं पोट १०० च्या खाली ठेवलं होतं. घरी येऊन चॅनेलवर २२० हर्ट्झला ३ डीबी दिले, किकचं तिथलंच थोडं कमी केलं, आणि दुसऱ्या दिवशी बस बांदोड्याला पोचायच्या आधी तो 'भूम' ऐकू आला.