बगळ्यांची घरटी मोजताना मी जिथे फसले

एमएस्सीच्या प्रोजेक्टला गायबगळे घेतले तेव्हा सगळे म्हणाले, सोपा विषय आहे. अमळनेरजवळच्या एका गावात एसटी स्टँडसमोर तीन चिंचा आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्यावर वसाहत भरते. गायबगळे, काही रातबगळे, खालच्या फांद्यांवर ढोकऱ्या. टपरीवर चहा घेत मोजायचं, एवढंच काम. त्या 'एवढंच'मध्ये माझा एक अख्खा हंगाम गेला.

परीक्षा, मग बहिणीचं लग्न, असं करत मी पोचले जुलैच्या मध्यावर. ज्या घरट्यांत पक्षी बसलेला दिसला त्यांना नंबर दिले. वीसपैकी पंधरा घरट्यांत पिल्लं निघाली आणि मी वहीत ठोकून दिलं, यश 75 टक्के. पेढे वाटायचेच बाकी होते.

चूक कळली ती 14 नंबरमुळे. रात्रीच्या वाऱ्यात ते घरटं कलंडलं, अंडी खाली फुटली. सकाळी शेजारच्या फांदीवरचा रातबगळा आला, एक काडी ओढून घेऊन गेला, पुन्हा आला. मग एक गायबगळाही सामील झाला. तिसऱ्या दिवशी त्या बेचक्यात चार काड्या उरल्या होत्या. इथे घरटं होतं हे नव्या माणसाला शपथेवर सांगूनही पटलं नसतं. तेव्हा पोटात गोळा आला. मी यायच्या आधी अशी किती गेली असतील?

हे नीट समजून घ्या, बाकी सगळं वाचलं नाहीत तरी चालेल. कपाशीला बोंडं लागल्यावर शेतात जायचं, उभी झाडं मोजायची आणि म्हणायचं, पेरलेलं सगळं आलं. शेतकरी हसेल. नांग्या, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, किती पडल्या ते कोण मोजणार? आपण घरट्यांचं तेच करतो. लवकर मोडलेली घरटी आपल्याला सापडतच नाहीत. जी सापडतात त्यातली बरीच निम्मा धोका पार करून बसलेली असतात. गायबगळा साधारण 24 दिवस अंडी उबवतो. सोळाव्या दिवशी सापडलेल्या घरट्याला फक्त आठ दिवस तग धरायचा असतो, आणि आपण त्याला पूर्ण 24 दिवसांचं श्रेय देतो.

यावरचा उपाय हॅरोल्ड मेफील्ड या अमेरिकन माणसाने 1961 मध्येच मांडला. घरटी मोजू नका, घरट्यांचे दिवस मोजा. माझी वीस घरटी सरासरी आठ दिवस नजरेखाली होती, म्हणजे 160 घरटी-दिवस. त्यात पाच मोडली. 5 भागिले 160, म्हणजे रोज साधारण 3 टक्के धोका. रोज वाचण्याची शक्यता 0.969. ती 24 वेळा स्वतःशी गुणली की येतात सुमारे 47 टक्के. कुठे 75, कुठे 47! दोन फेऱ्यांच्या मधे घरटं मोडलं असेल तर त्या मधल्या दिवसांपैकी निम्मेच धरायचे. हे मी दुसऱ्यांदा विसरले होते.

हे गणित एकदा हाताने, वहीत करा. सीनियरकडून आयती एक्सेल शीट घेऊ नका. माझ्याकडे आलेल्या शीटमध्ये तीच 75 टक्केवाली चूक सूत्रात बसवलेली होती आणि तीन बॅचनी ती वापरली होती. गाईडवरही विसंबू नका. माझे सर एकदा आले, झाडाखाली शर्टवर बगळ्याची शीट पडली, पुन्हा फिरकले नाहीत. छत्री न्या, पावसासाठी नव्हे.

पण घाबरूही नका. या पद्धतीत रोज जावं लागत नाही. एसटी चुकली, ताप आला, चार दिवस खंड पडला तरी हिशेब जमतो, फक्त तारखा खऱ्या लिहा. झाडाचा फोटो मोठा छापून त्यावरच घरट्यांना नंबर द्या. पिल्लं दोनेक आठवड्यांची झाली की फांद्यांवर हिंडतात, मग कोणतं पिल्लू कुठलं ते कळत नाही, म्हणून तुमचं 'यश' त्याआधीच्या एखाद्या दिवसावर ठरवून टाका. आणि झाडावर चढू नका. आई-बाप उठले की कावळा टपलेलाच असतो. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यात अंडी-घरटी विस्कटणं शिकारीतच धरतात.

दुसऱ्या वर्षी जूनमध्येच गेले. चिंचांच्या फांद्या तारांना लागतात म्हणून छाटलेल्या, घरटं एकही नाही. मी वहीत 'संख्या शून्य, मोठी घट' असं लिहीत होते, तेवढ्यात टपरीवरच्या आजींनी विचारलं, "काय मोजी ऱ्हायनी ताई?" सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या नदीवर गयात ना!"

दोन किलोमीटरवर बोरी नदीच्या काठी बाभळी पांढऱ्या झाल्या होत्या. 'घट' खोडून 'जागा बदलली' लिहिलं आणि पहिल्या घरट्याला नंबर दिला. त्यात तेव्हा चारच काड्या होत्या.