चामडी बूट चावत असेल तर

आधी बूट खऱ्या चामड्याचा आहे का ते बघा. रेक्झिन फारसं सैलावत नाही, उलट शिवणीत उसवतं. चामडं असेल तर जिथं चावतं तिथंच आतून एरंडेलाचे चार-पाच थेंब बोटानं चोळून जिरवा. जास्त लावलं की वर डाग फुटतो. मग जाड मोजे घालून घरातच अर्धा तास चाला. रात्री ओलसर कागदाचे बोळे चवड्यात ठासून भरा. वाळताना चामडं त्याच आकारात बसतं. तीन-चार रात्री हेच करा.

वाळवायचं मात्र सावलीतच! मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात चामडं कडक होऊन तडकतं, तळाचं सोल्यूशन सुटतं.

अंगठा पुढं टेकत असेल तर यातलं काही करू नका. रुंदी थोडी वाढते, लांबी नाही. बूट बदलूनच घ्या, तोही संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना मापून.